वनौषधींची वर्गवारी आणि पारख



वनौषधींविषयी चार शब्द बोलावेत अशी मंडळाची आज्ञा झाली. मी वैद्य नव्हे. जन्मभर मुले शिकविलेला मास्तर. परंतु वर्गीकरण हा शाळेतलाच विषय, म्हणून हे धाडस.

आपल्या मराठवाड्याचा या शास्त्राशी जुना ऋणानुबंध आहे. १३ व्या शतकात देवगिरीच्या यादवांचे मंत्री हेमाद्रि यांनी वाग्भटांच्या ‘अष्टांगहृदया’वर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. बोपदेवांचे पिता केशव यांनी ‘सिद्धमंत्र’ ग्रंथात द्रव्यांची मांडणी केली ती वात, पित्त आणि कफ यांवर होणाऱ्या परिणामावरून. झाड दिसते कसे यापेक्षा ते शरीरात करते काय, हा प्रश्न त्यांनी आधी विचारला.

चरकांनी बाह्य रूपावरूनही चार वर्ग केलेच आहेत. फुलावाचून फळणारा वड वा उंबर ती वनस्पति, फूल व फळ दोन्ही धरणारा तो वानस्पत्य, फळ पिकताच वाळणारी ती ओषधि आणि पसरणारी वेल ती वीरुध. (उंबराचे फूल फळाच्या पोटात असते, हे आज शाळकरी मुलगाही सांगेल!) पण उपचारासाठी त्यांनी दहा-दहा द्रव्यांचे ५० गट पाडले, ते कार्यावरून : तहान शमविणारा, ज्वर घालविणारा, दमा हटविणारा, असे. सुश्रुतांचे गण ३७.

निवडीची पहिली खूण म्हणजे रस, अर्थात चव. तेवढ्यावर मात्र भागत नाही. सुंठ जिभेला तिखट, पण तिचा विपाक मधुर मानला आहे. आवळा आंबट असूनही शीत. दंती व चित्रक यांचे रस, वीर्य, विपाक सारखे, तरी रेच होतात ते दंतीनेच. ज्याचा असा उलगडा होत नाही त्याला शास्त्रकारांनी ‘प्रभाव’ म्हटले, हा त्यांचा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. शिवाय ऋतु पाहावयाचा : साल व कंद शरदात, मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात काढावीत, असे चरक सांगतात.

हे सारे विवेचन व्यर्थ ठरते, जर हाती आलेली वनस्पति दुसरीच असेल. करोनाच्या साथीत घरोघर गुळवेलीचे काढे झाले. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात यकृताला इजा झालेले सहा रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांना आढळले आणि त्यांनी गुळवेलीकडे बोट दाखविले. वनस्पतीची ओळखच नीट पटविलेली नाही, असा आयुष मंत्रालयाचा आक्षेप होता; याच कुळातील, खोडावर चामखिळीसारखे उंचवटे असलेली दुसरी वेल हिच्यासारखीच दिसते. तो वाद तज्ज्ञांचा. परंतु आपण बांधावरची वेल तोडून आणतो, तेव्हा खोड निरखून पाहणारे आपल्यात किती?

अशोकाचेही तेच. कचेऱ्यांच्या व शाळांच्या आवारात सरळ उंच वाढलेला, नागमोडी कडांच्या लोंबत्या पानांचा जो वृक्ष आपण अशोक म्हणून ओळखतो, तो स्त्रियांच्या विकारांत सांगितलेला अशोक नव्हे. त्याची फुले हिरवट, नजरेत न भरणारी. खऱ्या सीता-अशोकाला नारिंगी-तांबड्या फुलांचे गुच्छ येतात. बाजारात मात्र दोन्हींची साल वाळलेल्या तुकड्यांच्या रूपाने येते. तेव्हा घरातील लेकीसुनांसाठी ती आणावयाची झाल्यास आधी वैद्यांकडून रुग्णाची तपासणी करून घ्यावी आणि नंतर सालही त्यांनाच दाखवावी.