कोर्टाची पायरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी "यंदा तुम्ही बोला" असा आग्रह धरला तेव्हा मी पुष्कळ आढेवेढे घेतले. माझे शिक्षण सातवीपर्यंत; बोलण्याचा सराव म्हणाल तर मुलांना रागे भरण्यापलीकडे नाही. पण त्यांनी ऐकले नाही. "लोणची-पापड दर वर्षी होतात, तुम्ही कोर्टात जाऊन आलात ते सांगा," म्हणाल्या. तेव्हा गाडी वेगाने हाकल्याबद्दल जो दंड होतो, ज्याला आपण चलान म्हणतो, त्याविषयी मी बोलणार आहे. तोडकेमोडके असेल ते गोड मानून घ्यावे.

विषय पुरुषांचा आहे असे काहींना वाटेल. पण आपल्यापैकी किती जणींच्या नावावर गाडी आहे ते मनातल्या मनात मोजून पाहा. कुणाची स्कूटर, कुणाच्या घरची रिक्षा, कुणाचा टेम्पो. बचतगटाचे कर्ज बाईच्या नावावर निघते, म्हणून गाडीही बाईच्या नावावर. चाक हाती धरणारा मुलगा नाहीतर दीर, आणि कागदावर मात्र आपण. पूर्वी हवालदार शिट्टी वाजवून गाडी थांबवी आणि चालवणाऱ्याला धरी. कॅमेऱ्याला चालवणारा कुठे ठाऊक असतो? त्याला दिसतो गाडीचा नंबर, आणि नंबराच्या मागे नाव असते आपले. मोटार वाहन कायद्याच्या १३३ व्या कलमात तर स्पष्टच आहे, की पोलिसांनी विचारले तर त्या वेळी गाडी कोण चालवीत होते हे मालकाने सांगितले पाहिजे. मालकाने म्हणजे माझ्यासारख्या बाईनेच.

आमची पिकअप गाडी माझ्या नावावर आहे. थोरला मुलगा तीवर कांदा, भाजी बाजार समितीत नेतो. २०२३ च्या उन्हाळ्यात टपालाने माझ्या नावाची नोटीस आली की तुमच्यावर वेगाची दोन चलाने थकली आहेत, लोकअदालतीत हजर राहावे. त्याआधी एक अक्षर कळलेले नव्हते. चलानाचा निरोप मोबाईलवर येतो म्हणतात. पण गाडी घेतली तेव्हा दुकानातल्या माणसाने कागदांत आमच्याऐवजी आपलाच नंबर टाकून दिला होता, हे मागाहून उघडकीस आले. घरोघरी तपासून पाहा, असे पुष्कळ ठिकाणी निघेल. नंबर बदलून घेता येतो.

नोटीस वाचून आमचे हे म्हणाले, "दोन्ही भरून टाकू. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये." दोन दोन हजारांची दोन, म्हणजे चार हजार रुपये. मी म्हटले, आधी कागद तर वाचू. धाकट्या मुलीने मोबाईलवर दोन्ही चलाने उघडून फोटो मोठे करून दाखविले. पहिल्या फोटोत आमचीच गाडी होती. मागच्या फळीवर देवाचे नाव आहे तेसुद्धा वाचता येत होते. वेग ताशी ९७ किलोमीटर. दुसऱ्या फोटोत होती एक पांढरी मोटार! तिच्या नंबरात तीनचा आकडा होता, तो आमच्या नंबरातला आठ समजला गेला होता. शिवाय त्या तारखेला, त्या वेळेला आमची गाडी तिथून साठ किलोमीटरवर बाजार समितीच्या काट्यावर उभी होती आणि काटापट्टीवर वेळ छापलेली होती.

थोरल्याचे डोळे चमकले. म्हणाला, "आई, मग पहिलाही फोटो चुकीचाच म्हणू. एक चुकला तर दुसराही चुकला असेल, कोण पाहतंय?" मी म्हटले, "मागच्या फळीवरचं नाव तू स्वतः रंगवून घेतलंस ना?" तो गप्प बसला. थोड्या वेळाने कुरकुरला, की मोटारी शंभराने शेजारून जातात त्यांना कुणी विचारत नाही. याचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही, नंतर कळले. केंद्र सरकारने २०१८ साली गाड्यांच्या जातीप्रमाणे कमाल वेग ठरविले. त्यात दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीला १००, मालवाहू गाडीला आणि दुचाकीला ८०, तीनचाकीला ५० असे आकडे आहेत, आणि राज्याला किंवा स्थानिक अधिकाऱ्यांना त्याहून कमी ठरविता येतात. म्हणजे रस्ता एक असला तरी सर्वांना माप एक नाही. यात मला तरी अन्याय दिसत नाही. भरलेली घागर घेऊन आपण रिकाम्या घागरीच्या चालीने उतार उतरतो का? वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर गाडी चौपट अंतर घसरत जाते, हे मुलीच्या शाळेच्या पुस्तकाच्या हिशेबाने निघते. त्यातून पाठीवर पंधरा क्विंटल कांदा!

पण पोराला वेगाची हौस म्हणून तो पळतो असेही नाही, हे मी आई म्हणून सांगते. सौदे लागायच्या आत पोचला नाही तर भाव पडतो आणि ज्याचा माल असतो तो फोनवर फोन करतो. गंमत अशी, की कायद्याचे १८३ वे कलम फक्त चालवणाऱ्यावर नाही. आपल्या नोकराला किंवा हाताखालच्या माणसाला मर्यादेबाहेर गाडी हाकायला लावतो तोही त्यात सापडतो. याच कलमात २०१९ च्या दुरुस्तीने हलक्या गाडीला १,००० ते २,००० आणि मध्यम व जड गाडीला २,००० ते ४,००० रुपये दंड आला. पैशांचे एक वेळ सोसवते. पण दुसऱ्यांदा हाच गुन्हा झाला तर चालवणाऱ्याचे लायसन्स अडकवून ठेवण्याची तरतूद त्यातच आहे. हे मला कळले तेव्हा मात्र पोटात गोळा आला. दुसऱ्याच्या मोटारीचे चलान निमूटपणे आपले म्हणून भरायचे, आणि त्यापायी पोराचे पोट ज्या कागदावर आहे तोच धोक्यात घालायचा?

हे मला सांगितले एका वकीलबाईंनी, आणि त्यांनी एक पैसा घेतला नाही. भगिनींनो, इथे जरा कान देऊन ऐका. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे. त्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे कोणत्याही स्त्रीला सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. पुरुषाला उत्पन्नाचा दाखला वगैरे लागतो. आपल्याला बाई असणे पुरते. तालुक्याच्या कोर्टाच्या आवारातच विधी सेवा समितीची खोली असते, तिथे साधा अर्ज करायचा. मी इतकी वर्षे त्या आवारावरून भाजीला जात होते, आत असे काही आहे याचा पत्ता नव्हता.

लोकअदालतीविषयी आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. तिथे खरेखोटे होते असे लोक समजतात. तिथे तडजोड होते. टेबलामागे न्यायाधीश आणि सोबत वकील किंवा समाजसेवक बसतात. फी नाही, आरडाओरडा नाही. दोन्ही बाजू कबूल झाल्या की मिटले, आणि एकदा मिटले की त्यावर अपील नाही. म्हणून अंगठा असो की सही, करण्याआधी काय मिटवतो आहोत ते पाहावे. आम्हाला तिथे सांगण्यात आले की दोन्ही मिळून दोन हजारांत मिटवा. माझ्या पुढच्या रांगेतली माणसे खुशीने मिटवीत होती. निम्म्या भावात मिळते म्हटले की आपल्याला नको असलेली वस्तूसुद्धा घ्यावीशी वाटते, साड्यांच्या सेलमध्ये होते तसे. मी म्हटले, "पहिले आमचे आहे, मुलगा चालवीत होता, त्याचे द्या. दुसरे आमचे नाही; ते फुकट दिले तरी नको." टेबलाशी बसलेल्या गृहस्थांना हसू आले. पहिल्याचे हजार रुपये भरून मी पावती घेतली. ते हजार थोरल्याने आपल्या कमाईतून दिले, हेही सांगून टाकते.

दुसऱ्यासाठी वाहतूक पोलिसांच्या कचेरीत अर्ज दिला होता. सोबत आर.सी. पुस्तकाची नक्कल, गाडीचे चारी बाजूंनी फोटो आणि काटापट्टी. अर्जाच्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का आणि तारीख मागून घेतली. तिथला माणूस म्हणाला, "शिक्क्याची काय गरज?" मी उभीच राहिले, तेव्हा मारला. दोन महिने उत्तर आले नाही, आणि मग कोर्टाची तारीख लागली.

कोर्टाची भीती ही मुख्यतः वाट पाहण्याची असते असे माझे मत झाले आहे. सकाळी साडेदहाला गेले, पुकारा झाला दुपारी तीनला. डबा, पाणी आणि विणकाम न्यावे. पट्टेवाल्याने माझे नाव घेतले तेव्हा छाती धडधडत होती, खोटे कशाला बोलू? न्यायाधीशबाई माझ्याहून वयाने लहान होत्या. त्यांनी विचारले, "गुन्हा कबूल आहे का?" वकीलबाईंनी आधीच बजावले होते, की पुष्कळ लोक या प्रश्नाला कंटाळून हो म्हणतात. मी म्हटले, "नाही, मॅडम. ही गाडी माझी नाही." सरकारी बाजूचे म्हणाले, की सगळेच असे म्हणतात. तेव्हा मी पहिल्या चलानाची पावती पुढे केली. "जी आमची होती तिचा दंड भरलाय, साहेब. ही बघा." न्यायाधीशबाईंनी पावती पाहिली, फोटो पाहिला, आमच्या पिकअपचा फोटो त्याच्याशेजारी ठेवला आणि पोलिसांना खुलासा करायला पुढची तारीख दिली. त्या तारखेला नंबर वाचण्यात चूक झाल्याचे सांगून त्यांनी चलान मागे घेतले. माझे एकूण दोन दिवस आणि एस. टी. चे भाडे गेले.

फोटो न पाहता कुणी दंड भरू नये. २०२१ साली केंद्राने काढलेल्या नियमात असे होते, की कॅमेऱ्याच्या तपासणीचा दाखला हवा आणि तो दर वर्षी नवा करावा. कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी ठळक पाटी असावी. आणि चलानावर फोटो, मोजलेला वेग, ठिकाण, तारीख, वेळ हे सारे असावे. नियम बदलत असतात, म्हणून आपल्या तारखेला कोणता लागू होता ते वकिलाला विचारावे. आणि एक सावधगिरी. चलानाच्या नावाखाली भामटे मोबाईलवर दुवे पाठवितात. त्यावर बोट ठेवले की खाते रिकामे होते. आलेल्या दुव्यावर पैसे भरू नयेत. सरकारी संकेतस्थळ स्वतः उघडावे, नाहीतर सरळ पोलीस चौकीत जाऊन विचारावे.

आता चहा आलेला दिसतो, म्हणून आवरते घेते. कुणाच्या घरी असा कागद पडून असेल तर दर गुरुवारी दुपारी तीन ते पाच मी मंडळाच्या ओसरीवर बसत जाईन. मी काही वकील नाही. पण कागद सोबत बसून वाचू आणि विधी सेवेचा अर्ज कसा लिहायचा ते दाखवीन. येताना चलान, आर.सी. पुस्तक आणि चष्मा आणावा. मागच्या वेळी दोघी जणी चष्मा विसरून आल्या आणि माझाच आळीपाळीने लावावा लागला.