सैनिक, वकील, आमदार : जोसिया वॉल्स यांच्या चरित्राचा बोध



महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांस दास्यमुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला, हे आपणांपैकी अनेकांस ठाऊक आहे. परंतु जे दास्यमुक्त झाले त्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. त्याच 1873 साली गुलामगिरीत जन्मलेला एक गृहस्थ फ्लोरिडा राज्याचा लोकनियुक्त प्रतिनिधी म्हणून अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात बसला होता. त्याचे नाव जोसिया वॉल्स. वकिलीच्या धंद्यातील मनुष्य या नात्याने मला त्याचे चरित्र फार बोधप्रद वाटते. म्हणून आज तेच मी आपणांपुढे मांडणार आहे.

वॉल्स यांचा जन्म 1842 साली व्हर्जिनिया राज्यात झाला. 1861 साली यादवी युद्ध पेटले. गुलामगिरी टिकविण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेच्या सैन्यात त्यांना सक्तीने नोकर म्हणून राबविण्यात आले. स्वतःच्याच बेड्या राखण्यासाठी लढणाऱ्या फौजेची चाकरी, याहून क्रूर थट्टा ती कोणती! मे 1862 मध्ये यॉर्कटाउन येथे ते उत्तरेच्या सैन्याच्या हाती लागले आणि मुक्त झाले. त्यानंतर पेनसिल्व्हेनियातील हॅरिसबर्ग येथे त्यांना थोडे शिक्षण मिळाले. जुलै 1863 मध्ये ते कृष्णवर्णीयांच्या तिसऱ्या पायदळ पलटणीत स्वेच्छेने दाखल झाले आणि सार्जंटच्या हुद्द्यापर्यंत चढले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. गोऱ्या शिपायास दरमहा 13 डॉलर मिळत, आणि कृष्णवर्णीय शिपायास 10. त्यांतूनही 3 डॉलर कपड्यांसाठी कापून घेत. गोळी दोघांच्या छातीत सारखीच शिरत होती, पगार मात्र सारखा नव्हता. ही विषमता कोणाच्या दयेने दूर झाली नाही. शिपायांनी तक्रारी केल्या, काही पलटणींनी अपुरा पगार घेण्याचेच नाकारले, तेव्हा जून 1864 मध्ये समान वेतनाचा कायदा झाला.

पलटण फ्लोरिडात असतानाच युद्ध संपले, आणि वॉल्स तेथेच अलाचुआ परगण्यात स्थायिक झाले. 1868 साली राज्याची नवी घटना बनविणाऱ्या परिषदेत ते प्रतिनिधी होते. त्याच वर्षी ते राज्याच्या विधानसभेवर निवडून आले आणि 1869 च्या आरंभी राज्याच्या सिनेटमध्ये जाऊन बसले. सहा वर्षांपूर्वी ज्यास कायद्याने माणूस म्हणूनही मान्यता नव्हती, तो आता कायदा करणाऱ्यांच्या पंक्तीस होता. पुढे त्यांनी वकिलीची सनद मिळविली, शेती केली, वृत्तपत्र चालविले, गेन्सव्हिल नगराचे महापौरपदही भूषविले.

1870 साली ते प्रतिनिधिगृहावर निवडून आले. फ्लोरिडातून तेथे पोहोचलेले ते पहिले कृष्णवर्णीय सभासद. सार्वजनिक शिक्षणासाठी राष्ट्रीय निधी असावा, हा त्यांचा आग्रह होता. शिक्षण हा केवळ राज्यांचा प्रश्न आहे, असा विरोधकांचा आक्षेप असे. परंतु कालपर्यंत गुलाम राखणारे राज्यकर्ते मुक्त झालेल्यांच्या मुलांस आपण होऊन शाळा देणार नाहीत, हे वॉल्स जाणून होते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. वॉल्स तीन वेळा निवडून आले आणि दोन वेळा त्यांस आसनावरून उठविण्यात आले. अमेरिकेच्या घटनेप्रमाणे सभासदाच्या निवडणुकीचा न्याय प्रत्येक सभागृह स्वतःच करते. 1870 च्या निवडणुकीवर प्रतिस्पर्धी निब्लॅक यांनी तक्रार नोंदविली आणि जानेवारी 1873 मध्ये वॉल्स यांची जागा गेली. तोवर ते पुढची निवडणूक जिंकून बसले होते, म्हणून मार्चमध्ये ते परत आले. 1874 साली त्यांनी जेसी फिन्ले यांचा अवघ्या 371 मतांनी पराभव केला. फिन्ले म्हणजे दक्षिणेच्या सैन्यातील माजी सेनानी. रणांगणावर हरलेला पक्ष मतमोजणीच्या मेजावर पुन्हा उभा राहिला. तक्रार झाली, आणि एप्रिल 1876 मध्ये सभागृहाने वॉल्स यांस दूर करून फिन्ले यांस बसविले. दोन्ही वेळी वाद होता तो कोणती मते मोजावयाची याचा.

त्यानंतर वॉल्स पुन्हा राज्याच्या सिनेटमध्ये गेले आणि सक्तीच्या शिक्षणाचा आग्रह धरीत राहिले. पण 1877 मध्ये संघसरकारने दक्षिणेतील राज्यसरकारांस दिलेला लष्कराचा आधार काढून घेतला आणि वारे फिरले. 1885 च्या राज्यघटनेने मतदानावर कर बसविण्याची मुभा दिली. 1889 मध्ये तसा कायदा झाला. शिवाय प्रत्येक पदासाठी निराळी पेटी ठेवण्यात आली. चुकीच्या पेटीत टाकलेले मत बाद! निरक्षर मतदाराने काय करावे? मताधिकार काढून घेतला, असे कोणी उघड म्हटले नाही. तो नियमांच्या जाळ्यात गुदमरविला. 1895 च्या कडाक्याच्या थंडीने वॉल्स यांची शेती बुडाली. तालाहासी येथील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयाच्या शेतीवर देखरेख करीत 1905 साली ते निवर्तले. 1965 साली मताधिकाराचा कायदा झाला, तरी फ्लोरिडातून दुसरा कृष्णवर्णीय सभासद प्रतिनिधिगृहात पोहोचण्यास 1993 साल उजाडावे लागले.

बंधुभगिनींनो, या चरित्रातून निराश होऊ नका, सावध व्हा. वॉल्स यांच्या शौर्यात उणीव नव्हती, बुद्धीतही नव्हती. परंतु मत टाकणे हा हक्काचा अर्धाच भाग आहे. ते मोजले जाणे आणि त्याची नोंद टिकणे हा उरलेला अर्धा. आपल्याकडे निवडणुकीचा वाद सभागृहापुढे न जाता उच्च न्यायालयापुढे जातो, ही मोठी जमेची बाजू आहे. पण निकालापासून 45 दिवसांच्या आत अर्ज दाखल झाला पाहिजे, आणि न्यायालय पुरावा मागते, हळहळ नव्हे.

म्हणून घरी गेल्यावर तीन कामे करा. मतदारयादीत घरातील प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाचे नाव आहे की नाही, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. मुलामुलींचे जन्माचे, शाळेचे व जातीचे दाखले एका जागी जपून ठेवा. आणि वस्तीतील निदान एका मुलास किंवा मुलीस कायद्याचे शिक्षण द्या. शिपायाने जिंकलेले आणि आमदाराने लिहिलेले राखावयाचे असेल, तर ते वाचू शकणारा मनुष्य घराघरांत हवा.

जय भीम.