परिचारिकेचे शिक्षण आणि नोंदणी : पालकांस चार शब्द

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गुणगौरव प्रसंगी केलेले भाषण)



 मी पदवीधर विद्वान नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक होऊन मी शिक्षकी पेशात शिरलो आणि तीन तपे खडू-फळ्याच्या सहवासात काढून निवृत्त झालो. तेव्हा मजकडून पांडित्याची अपेक्षा न धरता, दोन वेळा चुकलेल्या एका वडीलधाऱ्या माणसाचे बोल म्हणून माझे म्हणणे ऐकावे, ही विनंती.

बारावी झालेली मुलगी "मला नर्सिंगला जायचे आहे" असे म्हणाली, की आपल्या घरांतून दोन तऱ्हेची उत्तरे मिळतात. पहिले उत्तर नकाराचे. रात्रपाळीची नोकरी, परक्यांची मलमूत्रे काढायची, उद्या स्थळ कसे मिळणार! १९८९ साली माझ्या धाकट्या बहिणीस हे उत्तर मीच दिले. तिने ते निमूटपणे मानले. पुढे आमच्या मातोश्री अखेरच्या आजारात तीन आठवडे रुग्णालयात होत्या. त्यांची कूस बदलणे, अंग पुसणे, वेळेवर औषध देणे, हे सारे एक परिचारिका करीत असे. मातोश्री तिला "बाळ" म्हणत. तिची ज्ञात कोणती, हे आमच्यापैकी कोणीही विचारले नाही. बहीण शेजारीच उभी होती. ती मला काही बोलली नाही. परंतु मी तिच्याकडे पाहू शकलो नाही. ज्या हातांनी आपल्या आईची सेवा केलेली चालते, ते हात आपल्या लेकीचे असलेले का चालू नयेत? फ्लॉरेन्स नाइटिंगेल याही सुखवस्तू घरातील कन्या होत्या. घरच्यांचा विरोध सोसूनच त्या या कार्यात शिरल्या आणि १८६० साली लंडन येथे त्यांच्या नावाने परिचारिकांचे विद्यालय निघाले.

दुसरे उत्तर वरवर होकाराचे, पण अधिक घातक. "जा, कोणता तरी कोर्स करून टाक." २०१९ साली माझ्या पुतणीच्या बाबतीत ही दुसरी चूक मी केली. एका खासगी संस्थेचे पत्रक घरी आले. एका वर्षात नर्स व्हा, नोकरीची हमी, असा मजकूर होता. घरात मी शिकलेला म्हणून ते मजपुढे ठेवण्यात आले. शुद्धलेखनाची एकही चूक नाही, एवढेच मी पाहिले आणि मान हलविली! वर्ष संपले, सोनेरी अक्षरांचे प्रमाणपत्र हाती आले. परंतु त्या अभ्यासक्रमास परिचर्या परिषदेची मान्यताच नसल्याने मुलीच्या नावाची नोंद होऊ शकली नाही. भावाने कर्ज काढून भरलेले शुल्क गेले आणि मुलीच्या उमेदीचे वर्ष गेले. रुग्णसाहाय्यकाचे काम हलके आहे, असे मी म्हणत नाही. पण साहाय्यक निराळा आणि परिचारिका निराळी.

म्हणून आजच्या भाषणातून एकच गोष्ट घरी न्यावी : प्रमाणपत्राने परिचारिका होत नाही, परिषदेच्या नोंदवहीत नाव चढल्याने होते.

आता खरे मार्ग कोणते, ते सांगतो. पहिला ए.एन.एम. हा दोन वर्षांचा. कला शाखेतून बारावी झालेल्या मुलीसही तो खुला आहे. गावच्या आरोग्य उपकेंद्रात लस टोचणारी, गरोदर स्त्रीची तपासणी करणारी सिस्टर बहुधा याच मार्गाने आलेली असते. तिचीही नोंद होते, पण साहाय्यक परिचारिका व प्रसविका म्हणून. दुसरा जी.एन.एम., तीन वर्षांचा. इंग्रजी विषयासह बारावी आणि सर्वसाधारणपणे ४० टक्के गुण लागतात. तिसरा बी.एस्सी. नर्सिंग, चार वर्षांचा. यासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी घेऊन बारावी व्हावे लागते, खुल्या गटास ४५ टक्के गुण लागतात आणि राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. या शेवटच्या दोन मार्गांनी गेलेली मुलगी नोंदणीकृत परिचारिका व प्रसविका होते. जी.एन.एम. झालेल्या मुलीस पुढे दोन वर्षांत पदवीही घेता येते; तेव्हा परिस्थितीमुळे पदविका घेतली, म्हणून वाट खुंटली असे नाही. आणि जी.एन.एम. व बी.एस्सी. नर्सिंगचे शिक्षण मुलग्यांनाही खुले आहे, हेही ध्यानी असावे. नियम व गुणांच्या अटी बदलत असतात, म्हणून प्रवेशाच्या वर्षीची अधिकृत सूचना अवश्य वाचावी.

शुल्काचा पहिला रुपया देण्यापूर्वी पालकांनी तीन गोष्टी तपासाव्यात. संस्थेस महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे काय? परीक्षा कोण घेणार? पदवीची परीक्षा विद्यापीठ घेते. नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून हे कार्य करीत आहे. पदविकेची परीक्षा शासनमान्य मंडळ घेते. संस्था स्वतःच परीक्षा घेऊन स्वतःच प्रमाणपत्र देत असेल, तर तेथून मागे फिरावे. आणि तिसरे, प्रत्यक्ष शिकण्यासाठी रुग्णालय कोणते? खाटांवाचून परिचर्या शिकविणे म्हणजे पाण्यावाचून पोहणे शिकविणे होय.

परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मुंबई येथील परिषदेकडे अर्ज करून नाव नोंदवावे. या नोंदणीचे मुदतीत नूतनीकरण करावे लागते. विसरल्यास ऐन नोकरीत अडचण येते. परराज्यात शिकलेल्या मुलीने प्रथम तेथील परिषदेत नोंद करून मग महाराष्ट्रात करावी. परदेशी जावयाचे असेल, तर तेथील परवाना निराळा मिळवावा लागतो. अमेरिकेत एनक्लेक्स ही परीक्षा द्यावी लागते, तर जर्मनीत त्या देशाची भाषा शिकल्यावाचून गत्यंतर नाही. परंतु या साऱ्याचा पाया मायभूमीतील पक्की नोंदणी हाच होय.

माझ्या पुतणीने हिंमत सोडली नाही. २०२० साली तिने पुन्हा पहिल्या इयत्तेप्रमाणे आरंभ करून मान्यताप्राप्त विद्यालयात जी.एन.एम.ला प्रवेश घेतला. २०२४ साली तिची नोंद झाली. ते पत्र घेऊन ती प्रथम आपल्या आत्याकडे गेली. माझ्या बहिणीने ते दोनदा वाचले आणि देवापुढे ठेवले.

मंडळास माझी नम्र सूचना आहे. शिष्यवृत्ती देताना या विद्यार्थ्यांचाही विचार व्हावा, आणि ज्या पालकांस संस्थेची मान्यता तपासता येत नाही, त्यांनी कागदपत्रे मंडळाच्या कचेरीत आणावीत. दर रविवारी सकाळी मी तेथे बसेन. या वेळी केवळ शुद्धलेखन पाहणार नाही, एवढे वचन देतो.