क्लिकवर ठरणारी मजुरी

(इटारसी येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात एका निवृत्त आर.एम.एस. साथीने केलेल्या भाषणाचा मजकूर)

माझा विषय पाहून सकाळी चहाच्या वेळी एका साथीने मला विचारले, "ब्लॉग लिहिणाऱ्यांचे आपल्याला काय? ते पंख्याखाली बसून लिहितात. त्यांना ना बॅग उचलायची, ना रात्री यार्डात उभे राहायचे." प्रश्न रास्त आहे. उत्तर देण्यापूर्वी घरातली एक गोष्ट सांगतो.

माझ्याबरोबर सेक्शनमध्ये काम केलेला एक सॉर्टर आता निवृत्त होऊन गावी असतो. त्याला मधुमेह आहे. गेल्या वर्षी भेटला तेव्हा म्हणाला, "गोळी निम्मी केली. दालचिनीचे पाणी घेतो. मोबाईलवर वाचले." त्याने मला तो लेख दाखवला. तीन आठवड्यांत साखर गायब, असा मथळा होता. खाली ना कुणा डॉक्टरचे नाव, ना लिहिणाऱ्याचे. पुढे त्याच्या डॉक्टरांनी त्याला खडसावले, गोळी पूर्ववत केली आणि निभावले.

मी त्या रात्री मुलीला फोन केला. ती बंगळूरला असते आणि एका संकेतस्थळासाठी मराठीत लेख लिहिते. मी रागाने म्हणालो, "असले लिहिणाऱ्याला लाज कशी वाटत नाही?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाबा, हा लेख माझा नाही. पण असे दोन मी लिहिले आहेत."

साथींनो, आयुष्यभर कामगारांच्या बाजूने बोलणाऱ्या बापाला हे ऐकावे लागले. मी तिला रागावू शकलो असतो. त्याऐवजी कामगार संघटनेत जे शिकलो ते केले. तिची ड्यूटी कशी लागते, मजुरी कशी ठरते आणि काम कोण मोजतो, हे विचारले. ती म्हणाली, "दिवसाला आठ लेख. प्रत्येक लेख किती जणांनी उघडला तो आकडा समोर पडद्यावर. महिन्याच्या शेवटी त्या आकड्यावर पैसे. मधुमेहावर डॉक्टरांशी बोलून नीट लेख लिहिला, त्याला दोन दिवस लागले आणि तो कुणी उघडला नाही. वरून फोन आला की, असे चालणार नाही."

आता तुम्हाला कळले असेल की हा विषय आपला कसा आहे. हे उक्ते काम आहे. नगावर मजुरी. फक्त इथे नग म्हणजे वाचकाचे बोट.

थोडा इतिहास सांगतो. 'वेबलॉग' हा शब्द 1997 साली अमेरिकेत वापरात आला आणि 1999 साली त्याचा 'ब्लॉग' झाला. सुरुवातीला ही हौस होती. माणसे आपली रोजनिशी, आपली मते संगणकावर मांडत. संपादक नाही, मालक नाही, म्हणून पुष्कळांना ते स्वातंत्र्य वाटले, आणि काही काळ ते होतेही. पण जिथे वाचक जमतात तिथे जाहिरात येते आणि जिथे जाहिरात येते तिथे मालक येतो. 2002 साली निक डेंटन यांनी न्यूयॉर्कमध्ये गॉकर सुरू केले. हौस तिथे धंदा झाली आणि लिहिणारा मजूर झाला.

काही ठिकाणी तर मजुरीही नव्हती. 2005 साली निघालेल्या हफिंग्टन पोस्टसाठी हजारो लोक फुकट लिहीत. त्यांना सांगितले जाई की, तुम्हाला प्रसिद्धी मिळते तोच मोबदला. 2011 च्या फेब्रुवारीत एओएल कंपनीने ते संकेतस्थळ 31 कोटी 50 लाख डॉलरना विकत घेतले. लिहिणाऱ्यांच्या हाती त्यातला एक डॉलरही आला नाही. जोनाथन टॅसिनी हे लेखकांच्या संघटनेचे माजी अध्यक्ष. त्यांनी त्याच वर्षी हजारो ब्लॉगरांच्या वतीने 10 कोटी 50 लाख डॉलरचा दावा लावला. 2012 साली न्यायालयाने तो फेटाळला. पैसे मिळणार नाहीत हे लिहिणाऱ्यांना पहिल्यापासून ठाऊक होते, असे न्यायालयाचे म्हणणे. एकट्याने, करार नसताना काम करणाऱ्याचे कोर्टात काय होते हे आपल्याला नव्याने शिकवायला नको.

जिथे मजुरी होती तिथे ती कशी मोजली? 2008 च्या सुरुवातीला गॉकरने लेख किती वेळा उघडला गेला त्यावर लेखकाचे पैसे बांधले. पुढे त्यांच्या कचेरीत भिंतीवर एक मोठा फलक लागला. या क्षणी कुणाचा लेख किती जण वाचत आहेत हे त्यावर सर्वांना दिसे. आपण हजेरीपुस्तकाला घाबरत होतो. इथे तर दर मिनिटाला हजेरी.

मी सॉर्टर होतो म्हणून सॉर्टिंग केससमोरचे उदाहरण देतो. तासाला किती टपाल लावायचे याचे नॉर्म्स आम्हालाही होते. पण पगार महिन्याचा होता. एकेका पत्रावर पैसे नव्हते. समजा, खात्याने सांगितले असते की खणात जितकी पत्रे टाकाल तितके पैसे, मग ती बरोबर खणात पडोत की चुकीच्या. काय झाले असते? मिससेंट वाढली असती. विदर्भाची पत्रे आंध्रात गेली असती. आणि चौकशीत काय लिहिले असते? सॉर्टर बेजबाबदार. मोजमाप ज्याने ठरवले त्याचे नाव चौकशीत आलेच नसते. दालचिनीचा तो लेख म्हणजे माझ्या मते असेच एक मिससेंट टपाल आहे. ते माझ्या दोस्ताच्या घरी जाऊन पडले.

आता कामाच्या तासांकडे वळू. बातमी कधीही येते, म्हणून ब्लॉगरची ड्यूटी कधी संपत नाही. रात्री तीनला दुसऱ्याने आधी टाकले तर आपला लेख कुणी उघडत नाही. 2007 च्या डिसेंबरमध्ये गिगाओम या संकेतस्थळाचे संस्थापक ओम मलिक यांना वयाच्या 41 व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. ते दिल्लीचे, अमेरिकेत जाऊन नाव कमावलेले. ते वाचले. त्याच काही महिन्यांत तंत्रज्ञानावर लिहिणारे दोन नामवंत ब्लॉगर हृदयविकाराने गेले. 2008 च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्क टाइम्सने यावर लेख छापला तेव्हा तो खूप गाजला. कामानेच मृत्यू आला असा दाखला कोणी दिलेला नव्हता आणि मीही देणार नाही. पण झोप नाही, वेळेवर जेवण नाही, सुटी घेतली तर वाचक तुटण्याची भीती, हे त्या धंद्यातली माणसे स्वतःच सांगत होती.

रेल्वेच्या साथींना यातले मर्म लगेच कळेल. गाडीची वाट पाहत बसलेला माणूस कामावर आहे की नाही, हा वाद आपण किती वर्षे घातला! 1931 च्या नियमांपासून 1947 च्या न्यायमूर्ती राजाध्यक्ष निवाड्यापर्यंत आणि त्यानंतरही. त्यातून रोस्टरची वर्गवारी झाली. आजही कायद्यात इंटेन्सिव्हला आठवड्याचे 45 तास, कंटिन्युअसला 54 आणि एसेन्शियली इंटरमिटंटला 75 तासांची मर्यादा आहे. 75 तासांवर आपले समाधान नाही, पण निदान आकडा आहे. 1973 च्या ऑगस्टमध्ये लोको रनिंग स्टाफने दहा तासांच्या ड्यूटीसाठी संप केला तो याचसाठी. टपालातल्या ग्रामीण डाक सेवकाचे पाहा. भत्ता चार किंवा पाच तासांचा, आणि गाव मात्र त्याला संध्याकाळीही हाक मारते. माझ्या मुलीच्या कामाला तर आकडाच नाही. ती रात्री अकराला फोन बघते, ते काम की करमणूक हे तिलाही सांगता येत नाही.

नीतीचा प्रश्न इथूनच निघतो. कंपनी ब्लॉगरला फोन भेट देते, हॉटेलात फुकट राहायला देते आणि तो कौतुक लिहितो. वाचकाला वाटते हे त्याचे प्रामाणिक मत. हे इतके वाढले की अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने 2009 च्या डिसेंबरपासून ब्लॉगरांनाही पैसे वा भेट घेतल्याचे उघड सांगणे भाग पाडले. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने समाजमाध्यमांवरून शिफारस करणाऱ्यांसाठी अशाच सूचना 2023 च्या जानेवारीत काढल्या. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. नियम चांगले आहेत. पण महिन्याच्या शेवटी भाडे द्यायचे असलेल्या लेखकाला केवळ नियम दाखवून भागत नाही.

तरीही एक गोष्ट स्पष्ट बोलतो. सगळा दोष व्यवस्थेवर टाकून हात झटकायचे नाहीत. 2015 च्या जुलैमध्ये गॉकरने एका माणसाच्या खाजगी आयुष्यावर लेख छापला. तो माणूस सार्वजनिक जीवनातला नव्हता आणि लोकहिताचा त्यात काही संबंध नव्हता. चोहोकडून निषेध झाला. व्यवस्थापनाने मतदान घेऊन लेख काढून टाकला, तर दोन संपादकांनी राजीनामे दिले. लेख काय राहावा हे धंद्याची बाजू बघणाऱ्यांनी ठरवू नये, असे त्यांचे म्हणणे होते. माझ्या मते तो लेख छापणे चूक होते आणि धंदेवाल्यांच्या हाती कात्री देणेही धोक्याचे होते. लाल सिग्नल ओलांडला तर ड्रायव्हरला जबाबदारी टळत नाही, पण त्याला चौदा तास कुणी चालवायला लावले हेही चौकशीत आले पाहिजे. दोन्ही खरे आहे.

यावर त्या लोकांनी काय केले ते ऐका. त्याच वर्षी 3 जूनला गॉकरच्या लेखकांनी मतदान करून रायटर्स गिल्ड ऑफ अमेरिका, ईस्ट या संघटनेत जाण्याचा निर्णय घेतला होता. सुमारे तीनचतुर्थांश मते बाजूने पडली. पुढच्या वर्षी करार झाला. त्यात किमान पगार ठरला आणि मजकुराचा निर्णय संपादकीय विभागाचाच, हेही कलम आले. पगाराची मागणी आणि नीतीची मागणी त्यांनी एकाच मागणीपत्रात घातली, ही लक्षात ठेवण्याची गोष्ट. त्यांच्यामागोमाग बऱ्याच संकेतस्थळांवर संघटना झाल्या.

मालकांनी ते गोड मानून घेतले नाही. 2017 च्या ऑक्टोबरात डीएनएइन्फो आणि गॉथमिस्ट यांच्या न्यूयॉर्कमधील लेखकांनी संघटनेच्या बाजूने मत दिले. आठवडाभरात, 2 नोव्हेंबरला, मालकाने दोन्ही संकेतस्थळेच बंद केली. शंभरावर लोकांची नोकरी गेली. टाळेबंदी आपण गिरणीच्या दाराला कुलूप लागताना पाहिली आहे. इथे कुलूपही लागले नाही. पडदा कोरा झाला.

पण गोष्ट तिथे संपत नाही. डेडस्पिन हे गॉकरच्याच घराण्यातले खेळांचे संकेतस्थळ. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये नव्या मालकांनी हुकूम काढला की, खेळाबाहेर काही लिहायचे नाही. उपसंपादकाने मानले नाही, त्याला काढले. त्यावर त्याच्या सहकाऱ्यांनी एकामागोमाग राजीनामे दिले आणि अवघे संपादकीय खाते रिकामे झाले. 2020 च्या सप्टेंबरमध्ये त्यातल्या बहुतेकांनी मिळून डिफेक्टर नावाचे स्वतःचे संकेतस्थळ काढले. मालकी लिहिणाऱ्यांची आणि उत्पन्न मुख्यतः वाचकांच्या वर्गणीतून. आपली पतपेढी जशी सभासदांची, तसे. वाचक वर्गणी देतो म्हणून भडक मथळ्याची गरज कमी होते. सगळ्यांना हे जमेल असे नाही, पण जमू शकते हे दिसले.

आता आपल्यापुरते. आपल्यातले काही साथी मोबाईलवर लिहितात, चित्रफिती टाकतात. त्यांना सांगतो की 1964 चे केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम आणि 1966 चे रेल्वे सेवा वर्तणूक नियम वाचून घ्या. अधूनमधून साहित्यिक, कलाविषयक वा शास्त्रीय लेखन करायला आडकाठी नाही. नियमित धंदा म्हणून कराल तर पूर्वपरवानगी लागते, आणि कचेरीतला कागद बाहेर टाकू नका. चार जणांनी वाहवा केली म्हणून नोकरी घालवू नका.

दुसरे, आपण वाचकही आहोत. मथळा बघून बोट दाबतो तेव्हा आपण एका परीने त्या कामगाराचा दर ठरवत असतो. लेखाखाली नाव आहे का, माहिती कुठून घेतली ते सांगितले आहे का, पैसे घेतल्याचे उघड केले आहे का, हे पाहिल्याशिवाय पुढे पाठवू नका. औषधाच्या बाबतीत तर मुळीच नाही.

तिसरे, आपल्या घराघरांतली मुले आज अशा कामात आहेत. त्यांना नेमणूकपत्र नाही, रजा नाही, फंड नाही. 2020 च्या कामाच्या सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेत पत्रकाराच्या व्याख्येत डिजिटल माध्यमात नोकरीला असलेला माणूस आला आहे. पण नगावर लिहिणारी माझी मुलगी नोकरीला आहे असे तिचा मालक कबूल करीत नाही. ते कबूल करून घेणे हे एकट्या मुलीचे काम नाही. संघटनेने त्यांच्यासाठी दार उघडे ठेवावे, शाखेच्या खोलीत त्यांना बसायला जागा द्यावी, एवढी सूचना मी करतो.

मुलगी मागच्या महिन्यात घरी आली होती. तिने त्या दोन लेखांपैकी एक दुरुस्त करायला लावला. दुसऱ्याला अजून वरून परवानगी मिळालेली नाही, कारण तो चांगला चालतो. तिच्यासारख्या लिहिणाऱ्या सात मुली-मुलगे आता दर रविवारी एकत्र बसतात आणि आपापले दर एकमेकांना सांगतात. मी तिला म्हटले, "आमच्या युनियनची सुरुवातही अशीच झाली होती. आधी पगाराचे आकडे एकमेकांना सांगितले."

सकाळी प्रश्न विचारणाऱ्या साथीला हेच माझे उत्तर.