संमती आणि दारिद्र्य



१९३२ साली अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने अलाबामातील टस्कीगी येथे सुमारे ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर उपदंशाचा अभ्यास आरंभिला. पैकी ३९९ रोगग्रस्त. पण त्यांना रोगाचे नावही सांगितले गेले नाही. मोबदला काय? फुकट तपासणी, जेवण आणि दफनाचा खर्च! १९४७ च्या सुमारास पेनिसिलीन मान्य उपचार ठरले; त्याच वर्षी न्यूरेंबर्ग येथे स्वेच्छासंमतीचे तत्त्व उद्घोषित झाले. तरीही १९७२ पर्यंत त्यांना उपचारापासून वंचित ठेवण्यात आले.

१९७९ च्या बेलमाँट अहवालाने व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय ही तीन तत्त्वे मांडली. अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला तिसरे निर्णायक वाटते. ज्याला स्वतःच्या दफनाचीच विवंचना आहे, त्याचा होकार मुक्त कसा मानावा? म्हणून प्रत्येक प्रयोगाविषयी प्रथम विचारा : धोका कोणाचा, लाभ कोणाचा?