मधुमेहाची गोळी आणि कर्करोगाची पेशी
(नांदगाव खंडेश्वर येथील वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा सारांश)



"डॉक्टरसाहेब, शुगरच्या गोळीनं कॅन्सर बरा होते म्हनतात, खरं हाय काय?" हा प्रश्न बाह्यरुग्ण विभागात वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर आज देऊ इच्छितो.

ही गोळी म्हणजे मेटफॉर्मिन. २००५ साली स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांना, ती घेणाऱ्या मधुमेहींत कर्करोगाचे प्रमाण कमी आढळले. प्रयोगशाळेत त्याची संभाव्य कारणेही दिसली. पेशीला ऊर्जा पुरविणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचे कार्य हे औषध मंदावते. ऊर्जेची टंचाई जाणवताच पेशीची वाढ खुंटते. काही पेशी मरतातही. शिवाय काही गाठींच्या वाढीस पोषक ठरणारे रक्तातील इन्सुलिनही घटते.

परंतु प्रयोगशाळेत पेशींना दिलेली मात्रा बहुधा रुग्णाच्या रक्तातील मात्रेच्या अनेक पटींनी अधिक असते. म्हणून खरी कसोटी माणसांतच लागते. कॅनडातील संशोधकांच्या नेतृत्वाखाली, मधुमेह नसलेल्या स्तनकर्करोगाच्या ३,६४९ रुग्णांवर चाचणी झाली. काहींना ५ वर्षे मेटफॉर्मिन, तर इतरांना औषधविरहित गोळी देण्यात आली. २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: रोग उलटण्यास आळा घालण्यात मेटफॉर्मिनचा लाभ सिद्ध झाला नाही.

आशेप्रमाणे भीतीचेही उदाहरण आहे. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेमुळे केंद्र शासनाने जून २०१३ मध्ये पायोग्लिटाझोन या मधुमेहावरील औषधाची विक्री स्थगित केली. जुलैअखेर इशाऱ्यासह ती पुन्हा सुरू झाली.

तेव्हा नातेवाइकांना कळकळीची विनंती : कर्करोगावरील उपाय म्हणून ही गोळी परस्पर देऊ नये, आणि भीतीपोटी मधुमेहाची गोळी परस्पर बंदही करू नये. केमोथेरपीसोबत दिल्या जाणाऱ्या स्टिरॉइडमुळे साखर वाढते. उलट्या-जुलाब झाल्यास वा मूत्रपिंडाचे कार्य मंदावल्यास मेटफॉर्मिन थांबवावीही लागते. तो निर्णय डॉक्टरांचा. शस्त्रक्रिया, किरणोपचार वा केमोथेरपीची ठरलेली तारीख मात्र गोळीच्या भरवशावर चुकवू नये.

विश्वस्तांना एकच सुचवितो. आपल्या वऱ्हाडात खर्ऱ्याचे व्यसन घरोघरी पोहोचले आहे. साखर तपासण्यास येणाऱ्या प्रत्येकाचे तोंडही तपासले जावे. न भरणारी जखम वा पांढरा चट्टा वेळीच दिसला, तर आपल्या दानाचे खरे सार्थक होईल.