शेवटी एकटीचं घर

भाजी निवडत असाल तर निवडत राहा, कान तेवढा इकडे द्या.

मी वसईची. आमच्या पट्ट्यात केळीच्या, फुलांच्या वाड्या आहेत आणि गावोगावी चर्च आहे. एका चर्चशी जोडलेल्या सगळ्या ख्रिस्ती घरांना मिळून आम्ही ‘धर्मग्राम’ म्हणतो. रविवारी चर्चमध्ये प्रार्थना होते हे तुम्हाला ठाऊक असेल. पण धर्मग्रामाचं बरंचसं काम चर्चच्या दाराबाहेर, लोकांच्या ओटीवर चालतं. आजाऱ्याची विचारपूस, म्हाताऱ्यांची औषधं, विधवा बाईचे सरकारी कागद, कुणाच्या पोराची राहिलेली फी. हे काम करणाऱ्यांना पगार नसतो. कुणी शाळेतून निवृत्त झालेली, कुणी वाडीत राबणारी, कुणी नातवंडं सांभाळणारी. आठवड्यातले दोन तास काढायचे, एवढीच अट.

आमच्या गटाला संत व्हिन्सेंट डी पॉल यांचं नाव आहे. ते कुठून आलं ती गोष्ट आज सांगते. ती मुळात तुमच्या-माझ्यासारख्या गावच्या बायांचीच गोष्ट आहे.

साल १६१७. इकडे आपल्या नगरच्या निजामशाहीत मलिक अंबर कारभार पाहत होता, तो काळ. तिकडे फ्रान्स देशात शातीयों नावाच्या छोट्या गावी व्हिन्सेंट हे धर्मगुरू म्हणून नुकतेच आले होते. ऑगस्टमधल्या एका रविवारी ते प्रार्थनेची तयारी करत होते. तेवढ्यात एका बाईनं येऊन सांगितलं, गावाबाहेरच्या एका घरात सगळीच्या सगळी माणसं आजारी पडलीत, पाणी द्यायलाही कुणी उठू शकत नाही. व्हिन्सेंट यांनी प्रवचनात ही गोष्ट लोकांच्या कानावर घातली.

दुपारी ते स्वतः त्या घराकडे निघाले. तिकडे ऑगस्ट म्हणजे ऐन उन्हाळा. पाहतात तर वाटेवर बायकांची रीघ लागलेली. काही निघालेल्या, काही परतणाऱ्या, काही उन्हानं दमून वाटेच्या कडेला बसलेल्या. सगळ्यांनी त्या घरी अन्न नेलं होतं.

आपण असतो तर म्हटलं असतं, वा, किती माया! व्हिन्सेंट यांनाही आनंद झालाच. पण त्यांच्या मनात दुसरा विचार आला. आज या घरी एवढं अन्न आलंय की ते नासून जाईल, आणि चार दिवसांनी पुन्हा हीच माणसं उपाशी राहतील. मायेची कमी नव्हती. पाळी लावलेली नव्हती, एवढंच.

म्हणून त्याच आठवड्यात त्यांनी गावातल्या बायांना एकत्र बसवलं आणि गट बांधला. एकीनं एक दिवस रांधायचं, दुसरीनं दुसरा दिवस. गटासाठी नियम लिहून काढले. पैशाच्या पेटीला दोन वेगवेगळी कुलुपं, किल्ल्या दोघींकडे. अडीअडचणीसाठी खजिनदार बाईनं थोडेच पैसे हाताशी ठेवायचे. आजाऱ्याकडे गेल्यावर हसून बोलायचं, त्याचे हात धुवायला पाणी द्यायचं, ताटाखाली स्वच्छ कापड घालायचं. बचत गट चालवणाऱ्या बाईला यातलं काही परकं वाटणार नाही.

त्या नियमांतली एक गोष्ट मला फार आवडते. जिची पाळी असेल तिनं कुठल्या क्रमानं घरं घ्यायची हेही त्यांत आहे. ज्या आजाऱ्याजवळ कुणी ना कुणी बसलेलं असतं, त्याच्याकडे आधी जायचं. ज्याच्याजवळ कुणीच नाही, त्याचं घर शेवटी ठेवायचं. का? तर शेवटच्या घरी गेल्यावर पुढं कुठं जायची घाई नसते. तिथं जास्त वेळ बसता येतं.

या गटांमधूनच पुढं १६३३ साली लुईज द मारियाक या विधवा बाईंनी व्हिन्सेंट यांच्यासोबत सेविकांचा संघ उभा केला. त्या संघाच्या आधीपासून या कामात असलेली एक मुलगी होती, मार्गरीत नाझो. पॅरिसजवळच्या खेड्यातली, गाई राखणारी. शाळा नाहीच. तिनं एक पुस्तक मिळवलं आणि गाई चारताना वाटेनं जाणाऱ्या-येणाऱ्यांना अक्षरं विचारून वाचायला शिकली. मग गावातल्या इतर मुलींना शिकवलं. पुढं आजाऱ्यांची सेवा करू लागली आणि प्लेगच्या रोग्याची सेवा करताना तिला प्लेग झाला, त्यातच ती १६३३ साली वारली.

त्यानंतर दोनशे वर्षांनी, १८३३ साली, पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाचा वीस वर्षांचा कॉलेजात शिकणारा मुलगा आणि त्याचे मित्र गरिबांसाठी काही करायचं म्हणून एकत्र आले. आदल्याच वर्षी शहरात कॉलऱ्यानं थैमान घातलं होतं. या पोरांना उत्साह होता, पण कुणाच्या घरी जायचं आणि गेल्यावर काय बोलायचं हे कुठं माहीत होतं? त्यांना ते शिकवलं त्याच सेविका-संघातल्या सिस्टर रोझाली यांनी. त्या गरिबांच्या वस्तीत कित्येक वर्षं काम करत होत्या. त्यांनी पोरांना घरं दाखवली. या मुलांनी काढलेली संस्था आज जगभर आहे आणि आमचा गट त्यातलाच. गंमत अशी की सुरुवातीला संस्थेत फक्त पुरुष होते. आज आमच्या गटात बायाच जास्त आहेत.

आता आम्ही काम कसं करतो ते सांगते.

घरभेटीला कधी एकटीनं जायचं नाही, दोघींनी जायचं. एकीच्या नजरेतून सुटलं ते दुसरीच्या लक्षात येतं, आणि कुणाला बोट दाखवायलाही जागा राहत नाही. बैठकीत एक पिशवी फिरते. प्रत्येकीनं त्यात मूठ घालायची. कुणी शंभर टाकले, कुणी दहा, कुणाची मूठ रिकामी, हे कुणालाच कळत नाही. बैठकीत ज्या घराबद्दल बोलणं होतं, ते नाव बैठकीबाहेर न्यायचं नाही. नवऱ्याजवळही नाही.

आणि फोटो काढायचा नाही. हे मी जरा जोर देऊन सांगते. एका घरी आम्ही गेलो तर मावशींनी दार अर्धंच उघडलं. म्हणाल्या, “मला काही नको, बायांनो.” चुलीकडे पाहिलं तर कळत होतं, हवं होतं. तीन-चार भेटींनंतर त्या बोलल्या. आधी कुणीतरी धान्याची पिशवी देऊन गेले होते. देताना फोटो काढला, तो फोनवर फिरत फिरत लेकीच्या सासरी पोचला. सासूनं लेकीला ऐकवलं, “तुझी आई भीक मागते.” पाच किलो तांदळाची किंमत त्या पोरीनं मोजली. मावशींनी तेव्हापासून कुणाकडूनच काही घेतलं नव्हतं.

आणखी एक प्रसंग सांगते, म्हणजे शेवटच्या घराचा नियम कशासाठी ते कळेल. एक विधवा बाई, पासष्टीच्या पुढच्या, मूलबाळ दूर. सणाला सगळे त्यांची आठवण ठेवायचे. दिवाळीत तीन ठिकाणांहून पिशव्या यायच्या. एवढ्या तांदळाला किडे लागायचे. देणारे दारात उभे राहून पिशवी द्यायचे, “बरं आहे ना आजी?” विचारायचे, आजी “बरं आहे” म्हणायच्या, झालं. एकदा आमच्यातल्या दोघी त्यांच्याकडे सगळ्यांत शेवटी गेल्या आणि बसल्या. चहा झाला, जुन्या गोष्टी झाल्या. अर्ध्या-पाऊण तासानं आजी म्हणाल्या, “माझे निराधारचे पैसे येत नाहीत गं, कितीतरी महिने झाले.” हयातीचा दाखला द्यायचा राहिला होता. पाय धरल्यामुळे त्यांना बाहेर पडता येत नव्हतं, आणि आयुष्यभर काम करून बोटं इतकी झिजली होती की यंत्रावर ठसा उमटत नव्हता. ही गोष्ट दारात उभं राहून कुणाला कळणार होती? रिक्षा करून तीन खेपा घालाव्या लागल्या, पण पैसे पुन्हा सुरू झाले. दिवाळीच्या तीन पिशव्यांनी जे झालं नाही, ते एका दुपारच्या बसण्यानं झालं.

म्हणून सांगते, तुमच्या गावातही अशी घरं असतील. ६५ वर्षांखालच्या निराधार बाईला संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे, त्यापुढच्यांना श्रावणबाळ योजना आहे. उत्पन्नाचा दाखला ठरलेल्या मर्यादेच्या आतला हवा किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव हवं. आधार, रेशनकार्ड, रहिवासी दाखला, वयाचा पुरावा, विधवा असेल तर पतीच्या मृत्यूचा दाखला. अर्ज तहसील कार्यालयात. आणि मिळायला लागल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला विसरायचा नाही. कागद सगळ्यांना ठाऊक असतात, पण घेऊन जाणारं सोबत कुणी नसतं. ते ‘कुणी’ आपल्याला होता येतं.

आता एक प्रश्न, जो तुमच्यातल्या काहींच्या मनात आला असेल. चर्चच्या बाया घरी येतात म्हणजे धर्म बदलायला येतात का? असं आम्हाला तोंडावर विचारलेलं आहे, आणि विचारलं तर राग मानू नये असं मला वाटतं. सरळ उत्तर द्यावं. आम्ही ज्या घरी जातो त्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, कामासाठी परराज्यातून आलेले आहेत. घरात जे देव असतील त्यांना आम्ही नमस्कार करतो आणि बसतो. औषधाच्या चिठ्ठीवर धर्म लिहिलेला नसतो. आमची श्रद्धा आम्हाला त्या दारापर्यंत नेते, पण दाराच्या आत त्या घराची श्रद्धा असते. ज्या दिवशी मदतीच्या बदल्यात कुणाकडून काही हवंसं वाटेल, मग ते मत असो, धर्म असो की नुसतं “धन्यवाद” असो, त्या दिवशी आपण घरी बसलेलं बरं.

तर मैत्रिणींनो, एक काम देऊन थांबते. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की वहीचं एक कोरं पान उघडा. आपल्या आळीत आजारी, म्हाताऱ्या, एकट्या राहणाऱ्या कोण कोण आहेत, त्यांची घरं आठवा. पाच घरं पुरे. दोघी-दोघींच्या जोड्या लावा, वार ठरवा. सगळ्यांनी एकाच दिवशी जाऊ नका, नाहीतर शातीयोंसारखी रीघ लागेल आणि पुढचा पंधरवडा कोरडा जाईल. घरांचा क्रम लावताना ज्या घरी सुना-नातवंडं आहेत ते वर लिहा. जिथं कुणी नाही ते सगळ्यांत खाली लिहा, आणि त्या घरी जाताना बसायला वेळ घेऊन जा. ते पान बैठकीबाहेर कुणाला दाखवू नका.